कामाआधी मुक्काम: वळच्या गोदामपट्ट्यातील स्थलांतर

नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर गाव सोडायचे, ही रीत सुशिक्षित मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की काम ठरलेले नसताना परक्या मुलखात जाऊन राहणारा माणूस त्या वर्गाला अविचारी वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील श्रमिकांनी गेली दीडशे वर्षे बहुतांशी उलट्या क्रमाने, म्हणजे आधी मुक्काम हलवून आणि मग काम शोधून, या राज्यातील शहरे उभी केली आहेत. हा क्रम आजही मोडलेला नाही. तो कसा चालतो, त्यामागे कोणता हिशेब असतो आणि त्या हिशेबातील तूट शेवटी कोणाच्या अंगावर पडते, हे पाहायचे असेल तर मुंबईपेक्षा मुंबईच्या उंबरठ्यावरची गोदामांची गावे अधिक बोलकी आहेत, आणि ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ हे त्यांपैकी एक आहे.

भिवंडी शहराच्या दक्षिणेला अंजूरफाटा आणि माणकोली यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात वळ वसलेले असून पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर ही त्याची शेजारची गावे आहेत. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला मुंबई–आग्रा महामार्ग, आणि मधे एकेकाळची भातशेती व खाजणाची जमीन असा हा भूभाग मुख्यतः आगरी, कोळी आणि कुणबी समाजांचा. आज त्या खाचरांच्या जागी पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे ओळीने उभी आहेत आणि गावाचे पत्तेदेखील आळीच्या नावाऐवजी कॉम्प्लेक्स, कंपाउंड, इमारत क्रमांक आणि गाळा क्रमांक यांनी सांगितले जातात. जमिनीचा मोबदला किंवा गाळ्याचे भाडे मिळालेली काही स्थानिक कुटुंबे सुस्थितीत आली. ज्यांची जमीन आधीच विकली गेली होती किंवा जी कुळे म्हणून कसत होती त्यांच्या वाट्याला मात्र शेतीही राहिली नाही आणि भाडेही आले नाही, आणि गोदामांत भूमिपुत्रांना आधी घ्या ही मागणी पुढे येते ती या वास्तवातून, त्यामुळे तिला केवळ परप्रांतीयांविषयीचा आकस मानणे अन्यायाचे ठरेल.

ही गोदामे येथेच का आली, याचे उत्तर बऱ्याच अंशी जकातीत सापडते. जकात म्हणजे महापालिकेच्या हद्दीत विक्रीसाठी अथवा वापरासाठी येणाऱ्या मालावर प्रवेशाच्या नाक्यावर आकारला जाणारा कर. मुंबईत विकायचा माल आधीच हद्दीत आणून साठवला तर कराची रक्कम महिनोन्‌महिने अडकून पडे. तोच माल हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात ठेवून लागेल तसा आत नेला तर भांडवल मोकळे राही. भिवंडीलगतच्या गावांत जकात नव्हती, जमीन स्वस्त होती, नाशिककडे जाणारा महामार्ग दाराशी होता आणि न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनरही येथवर सहज पोहोचत होते. त्यामुळे औषधे, कपडे, सौंदर्यप्रसाधने, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि रसायने अशा परस्परांशी संबंध नसलेल्या मालांची कोठारे एकमेकांना खेटून उभी राहिली. नियोजनाची यंत्रणा मागाहून आली. २००७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची भिवंडीभोवतालच्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, पण तोवर अनेक बांधकामे रीतसर परवानगीविना उभी राहिलेली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली, तेव्हा या गावांचे प्रयोजनच संपेल असे वाटणे स्वाभाविक होते, पण घडले उलटेच. प्रत्येक राज्यात स्वतंत्र साठा ठेवून आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय कर टाळण्याची गरज उरली नाही, त्यामुळे कंपन्या अनेक छोट्या डेपोंऐवजी मोक्याच्या जागी मोठी गोदामे घेऊ लागल्या. त्याच सुमारास ऑनलाइन खरेदी वाढत गेली आणि भिवंडीचा पट्टा देशातील सर्वांत मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक झाला.

गोदामातील काम माणसाला मिळते कसे, हे समजल्याशिवाय काम नसताना वळला येण्यामागचे शहाणपण कळत नाही. मालाची मालक असलेली कंपनी बहुधा गोदाम स्वतः चालवत नाही. साठवण, बांधणी आणि पाठवणी यांचे कंत्राट ती दुसऱ्या कंपनीला देते. या व्यवस्थेला व्यवसायात थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स म्हणतात. ती दुसरी कंपनी पर्यवेक्षकांचा लहानसा वर्ग स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवते आणि पिकर, पॅकर, लोडर व स्कॅनिंग करणारे, म्हणजे अनुक्रमे मांडणीवरून वस्तू काढणारे, त्या खोक्यात बांधणारे, गाडीत चढवणारे आणि पट्टीसंकेत वाचून नोंद करणारे, हे सारे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून किंवा थेट ठेकेदाराकडून घेते. मागणी एकसारखी नसते. दसरा–दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत माणसे कमी पडतात आणि सण उलटला की हजेरी कापली जाते. अशा कामासाठी मुलाखतीच्या तारखा देऊन महिनाभर वाट पाहणे ठेकेदाराला परवडत नाही. त्याला उद्याच्या सकाळच्या शिफ्टला वीस माणसे हवी असतात, आणि ती तो फाटकाशी उभ्या असलेल्यांतून किंवा आत काम करणाऱ्याने ज्याच्यासाठी शब्द टाकला आहे त्याच्यातून घेतो. नांदेड किंवा जळगाव जिल्ह्यातील गावी बसून फोनवर विचारणाऱ्या तरुणाला, तू आधी इकडे ये, मग बघू, असे उत्तर मिळते ते त्यामुळेच. जेथे हजर असणे हीच पहिली पात्रता असते तेथे काम ठरवून येणे बहुतेकांना शक्यच नसते.

अर्थशास्त्राने या वर्तनाची सुसंगत मांडणी अर्धशतकापूर्वी केली. मायकेल टोडॅरो यांनी १९६९ मध्ये, आणि जॉन हॅरिस यांच्यासह १९७० मध्ये, असा सिद्धान्त मांडला की खेड्यातून शहरात येणारा माणूस शहरातील मजुरीची तुलना गावच्या मजुरीशी सरळ करत नाही. शहरातील मजुरीला तो ती मिळण्याच्या शक्यतेने गुणतो आणि मग तुलना करतो. या गुणाकाराला अपेक्षित उत्पन्न म्हणतात. समजा, गावी शेतमजुरीतून महिन्याला सहा हजार रुपये सुटतात आणि शहरात सोळा हजारांचे काम आहे, परंतु ते मिळण्याची शक्यता निम्मी आहे. तर अपेक्षित उत्पन्न आठ हजार ठरते आणि बेकारीचा धोका डोळ्यांपुढे असूनही निघणे हिशेबात बसते. शहरात बेकार माणसे दिसत असतानाही खेड्यातून माणसे का येत राहतात, हे त्या काळी केनियासारख्या देशांपुढचे कोडे या मांडणीने उलगडले. तिची मर्यादा अशी की ती माणसाला एकटा आणि मोकळा समजते. मराठवाड्यातील किंवा खानदेशातील तरुण एकट्याचा हिशेब करून निघत नाही. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन एका भावाने पाहायची, दुसऱ्याने भिवंडीला जायचे आणि तिसऱ्याने शिकायचे, असा निर्णय घराचा असतो, आणि पाऊस हुकला किंवा कापसाचा भाव पडला तरी एका ठिकाणाहून पैसा येत राहावा हा त्यातील हेतू असतो. शिवाय शक्यता हा आकडा सर्वांना सारखा नसतो. ज्याचा मावसभाऊ आत सुपरवायझरच्या हाताखाली आहे त्याची शक्यता वेगळी आणि ज्याचे वळमध्ये कोणीच नाही त्याची वेगळी.

ओळखीची ही साखळी महाराष्ट्राला नवी नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढे गिरणगावात आले, ते बहुतांशी काम ठरवून आलेले नव्हते. गिरणीत माणूस लावण्याचा अधिकार जॉबर नावाच्या मुकादमाकडे असे, आणि इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे या जॉबरचा प्रभाव गिरणीच्या फाटकाशी थांबत नसे. वस्तीतील खोली, उसनवारी, किराणा दुकानाची उधारी या साऱ्यांत त्याचा हात असे. कायम जागा नसलेला कामगार बदली म्हणून रोज सकाळी फाटकाशी उभा राही आणि गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाई. ही मनमानी रोखण्यासाठी १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रण पद्धत आणली, म्हणजे ठरावीक बदल्यांची नोंद करून त्यांनाच क्रमाने काम देण्याची व्यवस्था केली. वळच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्यांची नोंद आज कोणी ठेवत नाही, आणि त्या अर्थाने ते १९३५च्या आधीच्या मुंबईत उभे आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

मात्र गिरणगावातल्या त्या नवागताजवळ एक गोष्ट होती जी वळमध्ये दुर्मीळ झाली आहे. गावकीची खोली ही ती गोष्ट. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, ट्रंक भिंतीशी लावायची, आणि नव्याने आलेल्याकडून काम लागेपर्यंत भाडे मागायचे नाही, असा त्या खोल्यांचा शिरस्ता होता. जेवणाची सोय खानावळीत. कामगारांच्याच घरातल्या बाया वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करत आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत. या खानावळवाल्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांतही असाच आधार होता. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कारागिरांना बिसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामूहिक खानावळी उधारीवर दोन वेळा जेवू घालत, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तर पद्मानगर ही स्वतःची वस्तीच वसवली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे संसार कोसळले आणि कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले, तेव्हा भिवंडीला आणखी माणसे लागली, आणि ती सामावली गेली ती या खोल्या व खानावळींच्या बळावर. येणाऱ्याला काम मिळेपर्यंत जगवणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारी कागदावर नव्हती. ती श्रमिकांनी स्वतःच्या खिशातून चालवलेला बेकारी विमा होती.

वळच्या गोदामांत या प्रकारचा आधार का उभा राहिला नाही, याची कारणे कामाच्या स्वरूपातच आहेत. गिरणीत चिकटलेला माणूस तीस वर्षे तेथेच राही, म्हणून त्याची खोलीही टिके. गोदामातला पिकर सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीकडे किंवा दुसऱ्या गावच्या गोदामात जातो, आणि कंत्राट बदलले की सारा ताफाच बदलतो. माणसे एका गावची नसतात, एका शिफ्टची नसतात, आणि त्यामुळे एकाच खोलीत सहा जण राहत असले तरी एकमेकांच्या उधारीला जामीन राहतील इतकी ओळख त्यांच्यात क्वचितच तयार होते.

परिणाम असा की येण्याचा दिवस आणि पहिला पुरा पगार यांमधील काळ, ज्याला येथे प्रतीक्षाकाळ म्हणता येईल, तो सर्वस्वी त्या एका माणसाच्या शिलकीवर काढावा लागतो. हा काळ वाटतो त्यापेक्षा लांब असतो, आणि त्याचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. नांदेडकडून किंवा भुसावळकडून येणारा माणूस कल्याणला उतरतो, तेथून बसने अथवा शेअर रिक्षाने भिवंडीच्या बाजूला येतो आणि कोणाच्या तरी ओळखीने खोलीत टेकतो; समजा, हा दिवस १ जूनचा आहे. फाटके फिरून, एजन्सीकडे आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक पासबुक आणि छायाचित्रांच्या प्रती देऊन १६ जूनला तो कामावर रुजू होतो, आणि ही गती वाईट मुळीच नव्हे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावे असा कायदा आहे. म्हणून ७ जुलैला त्याला मिळतील ते पंधरा दिवसांचे पैसे, आणि पूर्ण महिन्याचा पहिला पगार हाती येईल ७ ऑगस्टला. म्हणजे दोन महिने उलटून गेलेले असतात. या अवधीत खोलीचे डिपॉझिट, दोन-तीन महिन्यांचे भाडे, मेसच्या डब्याचे पैसे, प्रवास आणि काही ठिकाणी बुटांचा किंवा गणवेशाचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि गावाहून निघताना आणलेली रक्कम बहुधा व्याजाची असते. काम लावून देतो म्हणून नोंदणीचे पैसे मागणारा दलाल भेटतो तोही नेमका याच काळात, कारण थांबण्याची ताकद संपत आलेला माणूस त्याला चांगला ओळखता येतो. गोदामातल्या साध्या कामासाठी कोणाही एजन्सीला आगाऊ पैसे देण्याचे काहीच कारण नाही आणि मूळ कागदपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, ही गोष्ट गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर लिहिली जायला हवी.

खर्च कमी करायचा तर कापता येण्यासारखी एकच मोठी बाब उरते, ती म्हणजे निवारा. आणि येथे वळचे नाव एका दुःखद घटनेशी जोडले गेले आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी, शनिवारी दुपारी, वळपाडा येथील वर्धमान कंपाउंडमधील इमारत कोसळली. खालच्या भागात गोदाम आणि वर कुटुंबे व कामगार यांची वस्ती, अशी ती इमारत होती. दुपारची वेळ असल्याने खाली माणसे कामावर होती आणि वर बायका-मुले घरात होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, ठाण्याचे आपत्ती पथक आणि अग्निशमन दल यांनी दोन रात्री ढिगारा उपसला, काहींना अनेक तासांनंतर जिवंत बाहेर काढले, आणि तरीही आठ जण दगावले. याआधी २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडी शहरातील जिलानी इमारत पहाटे कोसळून चाळिसाच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली होती, परंतु त्या दुर्घटनेत आणि वळच्या दुर्घटनेत एक महत्त्वाचा फरक आहे. जिलानी ही जुनी, दाटीची निवासी इमारत होती. वळमध्ये गोदाम आणि घर एकमेकांवर रचलेले होते. गोदामाच्या मजल्यावर मालाचे ओझे पडते, जड हालचाल होते, आणि त्याच भिंतींत वर संसार थाटलेले असतात. अशी मिश्र वस्ती उभी राहते, कारण कामाजवळ, डिपॉझिट कमी असलेली, लगेच मिळणारी जागा हवी असलेली माणसे हजारोंनी आहेत आणि त्यांच्यासाठी म्हणून बांधलेले घर एकही नाही. दोष एका इमारतीच्या बांधणीपुरता पाहिला तर चौकशी होते, गुन्हा नोंदवला जातो आणि शेजारच्या कंपाउंडमध्ये तशाच खोल्या भाड्याने जात राहतात.

कायदा या माणसाकडे कसा पाहतो, हेही तपासले पाहिजे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने संरक्षण दिले ते ठेकेदाराने एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगाराला. स्वतःच्या पायांनी आलेला, म्हणजे काम न ठरवता निघालेला माणूस त्या व्याख्येत नव्हताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही व्याख्या रुंदावली आणि परराज्यातून स्वतःहून येऊन काम मिळवलेल्या, ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारालाही आंतरराज्य स्थलांतरित मानले. ही सुधारणा खरी आणि स्वागतार्ह आहे. पण तिच्यात दोन फटी राहिल्या. पहिली अशी की संरक्षण सुरू होते काम लागल्यावर. प्रतीक्षाकाळातला माणूस कायद्याच्या दृष्टीने अजून कोणीच नसतो. दुसरी फट मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. गोरखपूरहून वळला आलेला कामगार स्थलांतरित ठरतो, हिंगोलीहून पाचशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेला ठरत नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत या भेदाचा अर्थ उघड झाला. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली आणि पुढे तशा अनेक गाड्या सुटल्या. राज्यातल्या राज्यात परतणाऱ्या मजुरांसाठी तशा गाड्यांची आखणीच नव्हती आणि जिल्ह्याच्या सीमेवर पास दाखवण्याची सक्ती मात्र त्यांनाही होती.

काम लागल्यानंतरचे हक्क मात्र बरेच स्पष्ट आहेत आणि ते माहीत असणे हे नवागताचे मोठे भांडवल ठरते. नव्या संहितेप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळाले पाहिजे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याचा राज्य कामगार विमा उतरवला जातो. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम भरली जाते, आणि कामावर रुजू झाल्या दिवसापासून त्याला उपचारांचा हक्क मिळतो. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एकदा मिळाला की एजन्सी बदलली तरी तोच चालतो. प्रत्येक नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढून दिला तर जुनी शिल्लक विखुरते, म्हणून आधीचा क्रमांक आग्रहाने द्यावा. ठेकेदार मजुरी बुडवून निघून गेला तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्याच्यासाठी काम झाले त्या आस्थापनेवर येते. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेली असूनही ती माहीत असणारे कामगार फार थोडे आढळतात, आणि हजेरीचा पुरावा जवळ नसल्याने माहीत असणाऱ्यांनाही ती वापरता येत नाही. रोजच्या हजेरीचे मोबाइलवर काढून ठेवलेले छायाचित्र अशा वेळी उपयोगी पडते. शिधापत्रिकेबाबत स्थिती बरीच सुधारली आहे. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे गावचे कार्ड येथील दुकानात चालते, आणि कुटुंबाचा वाटा गावी व स्वतःचा वाटा येथे असा विभागूनही धान्य घेता येते.

ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्राने एके काळी याहून पुढचे पाऊल टाकले होते, आणि ते टाकणारा माणूस स्वतः गाव सोडून मुंबईत आलेला होता. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी गोदीतल्या आणि बाजारातल्या हमालांना संघटित केले आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. या कायद्याने कामगार एका मालकाला बांधलेला राहिला नाही. त्याची नोंद कामगार, मालक आणि शासन यांच्या संयुक्त मंडळाकडे होते, मालक मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा व उपदान देते. मालक बदलत राहणार हे गृहीत धरून कामगाराची नोंद मात्र एकाच जागी टिकवायची, हा त्यातील विचार आजच्या गोदामाला तंतोतंत लागू पडतो. मंडळाच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीखोरी शिरली, हा मालकवर्गाचा आक्षेप खोटा नाही आणि शासनानेही तो मान्य केला आहे. पण त्यावरचा उपाय खंडणीखोरांना आवरणे हा आहे, कामगाराची नोंद पुसणे हा नव्हे. पिकर आणि पॅकर यांचीही अशीच मंडळाकडे नोंद झाली, तर फाटकाशी उभे राहणाऱ्याला आपला क्रमांक कधी येईल हे निदान कळेल.

स्त्रियांचे स्थलांतर या चित्रात वेगळ्या वाटेने येते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी माणसे अंतर्गत स्थलांतरित म्हणून नोंदली गेली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, कारण लग्न होऊन सासरी जाणे हेही त्यात मोजले जाते. वळ परिसरातील गोदामांत खोकी बांधण्याचे, लेबल लावण्याचे, कपडे तपासून घडी घालण्याचे काम करणाऱ्या अनेक जणी नवऱ्यामागून आलेल्या असतात. शासकीय नोंदीत त्यांच्या येण्याचे कारण लग्न किंवा कुटुंबासोबत असे पडते, आणि कामाच्या शोधात आलेल्यांच्या आकड्यात त्या दिसत नाहीत. एकट्या तरुणीने काम न ठरवता येथे येणे मात्र फारसे घडत नाही. कामाची तिला भीती असते असे नव्हे. एकट्या स्त्रीला खोली देणारा घरमालक मिळणे अवघड, आणि रात्रीच्या शिफ्टनंतर माणकोलीच्या ट्रकांच्या रांगांतून चालत घरी जाणे धोक्याचे.

प्रतीक्षाकाळ सुसह्य करायचा असेल तर गोष्ट फिरून भाड्याच्या घरापाशीच येते, आणि तो प्रयोग भिवंडीच्या परिसरात एकदा होऊन गेला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ च्या सुमारास केवळ भाड्याने देण्यासाठी १६० चौरस फुटांची घरे बांधण्याची योजना आखली. तिच्यातील घरे वळपासून फार दूर नसलेल्या रांजनोळी येथेही उभी राहिली. पुढे योजनेचे स्वरूप बदलत गेले, भाडेकरू नेमून भाडे वसूल करण्याची यंत्रणा कोणीच उभी केली नाही, आणि रांजनोळीची घरे मुंबईच्या गिरणी कामगारांना मालकी हक्काने देण्यासाठी राखून ठेवण्यात आली. गिरणी कामगारांचा घरावरचा हक्क निर्विवाद आहे आणि तो फार उशिरा मान्य झाला. परंतु एका पिढीच्या विस्थापितांना न्याय देताना दुसऱ्या पिढीसाठी बांधलेली भाड्याची घरे संपली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत. ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो मार्ग ५ चे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले असून कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा ही स्थानके याच पट्ट्यात येतात. मेट्रो धावू लागली की या गावांतील भाडी वाढतील. म्हणून स्थानकांलगतच्या सार्वजनिक जमिनीपैकी काही भाग आताच राखून तेथे महिन्याच्या भाड्याने, मोठे डिपॉझिट न घेता मिळणारी वसतिगृहे बांधणे, त्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र इमारत ठेवणे, आणि त्यांच्या देखभालीसाठी गोदामांवर प्रति चौरस फूट अल्पसा उपकर बसवणे, हे नियोजन प्राधिकरणाच्या आणि राज्य शासनाच्या अधिकारात आहे. गोदाम आणि घर एकाच छपराखाली असलेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही; वळपाड्यातील दुर्घटनेनंतर ती गावनिहाय आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हायला हवी होती, आणि तिचा निष्कर्ष त्या इमारतीत खोली पाहायला येणाऱ्या माणसाला दारावरच वाचता यायला हवा.